दोघांतला तिसरा

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत सौभद्र’मध्ये प्रेम आहे ते अर्जुन आणि सुभद्रा यांचे. नाटकाला नाव मिळाले तेही सुभद्रेवरून. पण 1882 साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकातून कृष्ण काढून टाकला तर हाती काय उरते? थोरल्या भावाने दुर्योधनाशी लग्न ठरवलेली एक मुलगी आणि निराश होऊन संन्याशाची वस्त्रे अंगावर चढवलेला एक राजपुत्र. दोघांचेही डोळे भरलेले, आणि पुढे काय करायचे ते दोघांनाही सुचत नाही. नाटक चालवतो कृष्ण. आपल्या मनातला डाव तो प्रेमिकांनाही सांगत नाही. बलराम दुष्ट नाही, भोळा आणि तापट आहे, म्हणून तर त्या खोट्या संन्याशाच्या पायांवर तो मनोभावे डोके ठेवतो आणि प्रेक्षागृहात हशा पिकतो. शेजारी कृष्ण-रुक्मिणीची मुरलेली जोडी आहे, तिच्यामुळे नव्या जोडीचा अधीरपणा उठून दिसतो. म्हणजे नाटकाला नाव जोडीचे, पण ते पेलले आहे इतरांनी. मराठी विनोदी मालिकेचा विचार करताना मला दूरदर्शनच्या स्टुडिओपासून सुरुवात करावीशी वाटत नाही, ती याचसाठी. मालिकेच्या जाहिरातीत जोडी पुढे असते आणि बाकीचे घर मागे धूसर दिसते. पण या प्रकारात जोडीला प्रेम करायला किती मोकळीक मिळणार, ते कधी लांबणार, कधी हास्यास्पद होणार आणि मालिका किती वर्षे टिकणार, हे सगळे मागे धूसर दिसणारी माणसेच ठरवतात. पुढच्या पानांत हेच एक म्हणणे तपासायचे आहे.

ते कामठ्यात बसून तपासण्याला कारण आहे. कामठा हे गोंदिया तालुक्यातले जुन्या जमीनदारीचे गाव. घरात पोवारी, शाळेत मराठी आणि गोंदियाच्या बाजारात हिंदी, असा रोजचा फेरा या भागातल्या कितीतरी घरांचा आहे. त्यामुळे हिंदी आणि मराठी दोन्ही वाहिन्यांवरचा विनोद इथे सारख्याच सहजपणे पाहिला जातो. पण इथल्या प्रेक्षकाचे कान तयार झाले ते टीव्ही येण्याच्या कितीतरी आधी. भाऊबीज उलटली की गावोगाव मंडई भरू लागते, दंडारीचा ढोल वाजतो आणि रात्री नाटक लागते. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे झाडीपट्टी रंगभूमीचे मुख्य ठाणे. तिथल्या कंपन्या हंगामभर भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांत फिरतात. रात्री उशिरा सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. थंडीत शाल गुंडाळून बसलेल्या माणसाला पहाटेपर्यंत केवळ नायक-नायिकेच्या प्रेमावर बसवून ठेवता येत नाही, हे कंपनीच्या मालकाला कुणी शिकवावे लागत नाही. नायक-नायिकेचे गाणे झाले की विनोदी नट येतो, गावातल्या चालू गोष्टीवर एखादे वाक्य जागच्या जागी जोडतो आणि पेंगुळलेला मांडव जागा होतो. खडी गंमत तर याच्याही पुढची. तिथे स्त्रीवेषात पुरुषच नाचतो, त्यामुळे प्रेमाची जोडी खरी वाटावी असा आग्रहच नाही. सगळी रंगत सवाल-जवाबात आणि टोमण्यांत. रोज अर्धा तास प्रेक्षकाला धरून ठेवायचे, हे मालिकेच्या लेखकापुढचे कोडे या मांडवांनी आपल्या परीने केव्हाच सोडवले आहे.

मराठी दूरचित्रवाणीने पहिल्या मोठ्या विनोदी यशाच्या वेळी हीच वाट धरली. चिं. वि. जोशी यांच्या कथांवरचे ‘चिमणराव’ मुंबई दूरदर्शनवर आले ते 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात. चिमणरावाला बायको आहे, काऊ. मुले आहेत, आई आहे. तरीही महाराष्ट्राने लक्षात ठेवली ती जोडी दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांची, म्हणजे चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांची. एक बुजरा संसारी आणि एक दंडेलखोर ब्रह्मचारी. गुंड्याभाऊला संसार नाही म्हणूनच तो दुसऱ्याच्या संसारात हक्काने पाय टाकू शकतो आणि तिथला गोंधळ वाढवून पुन्हा मोकळा राहतो. चिमणराव आणि काऊ यांच्यात प्रेम नाही असे मुळीच नाही. पण ते दिसते ते गुंड्याभाऊने घातलेला घोळ निस्तरताना. विवाहित जोडप्याचा जिव्हाळा सरळ दाखवला तर मराठी मध्यमवर्गाला संकोच वाटतो, आणि तिसऱ्याच्या निमित्ताने दाखवला तर हसू येते. काऊच्या एका उसाशात जे कळते, ते प्रेमगीतात कळले नसते.

मग ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’चे काय करायचे? 2001 पासून अल्फा मराठीवर लागलेली ही मालिका दिलीप प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’ या लेखनावर उभी होती आणि केदार शिंदे यांनी ती दिग्दर्शित केली होती. तिचे मुख्य पात्र म्हणजे पत्नी गमावलेले, डायरी लिहिणारे आजोबा. प्रभावळकर तेव्हा साठीचेही नव्हते, हे आज सांगूनही खरे वाटत नाही. इथे नायकाला जोडीच नाही, तेव्हा जोडी आणि भोवतीची माणसे हा हिशेबच कोसळतो, असे कुणी म्हणेल. मला उलट वाटते. टिपऱ्यांच्या घरात जोडी आहे, शेखर आणि श्यामला. पण तिला दुय्यम पात्राची जागा दिली आहे आणि एरवी कोपऱ्यात खोकत बसणाऱ्या म्हाताऱ्याला मधोमध बसवले आहे. राजन भिसे आणि शुभांगी गोखले यांनी रंगवलेल्या त्या नवरा-बायकोची कुरबूर, त्यांची काटकसर, मुलांवरून होणारी त्यांची तणतण हे सगळे आपण या आजोबांच्या, म्हणजे आबांच्या, नजरेतून पाहतो. सासरा पाहतो आहे म्हटल्यावर नवरा-बायकोचे भांडणही जरा खालच्या आवाजात होते आणि समेटही चोरून होतो. मराठी घरातल्या दांपत्यप्रेमाची याहून नेमकी व्याख्या मला ठाऊक नाही. जोडी आणि दुय्यम पात्रे यांच्या जागा बदलल्या, तरी दोहोंमधला ताण तोच राहिला. ही मालिका इतकी चांगली वठण्याचे कारण मी तरी तिथेच शोधतो.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप वाहिनीच्या कचेरीतून येईल. प्रेक्षक जोडीसाठीच टीव्ही लावतो, लग्नाच्या आठवड्यात टीआरपी चढतो, लोक नटांना रस्त्यात जोडीच्या नावाने हाका मारतात, तेव्हा बाकीची चर्चा अभ्यासकांनी करावी. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. 2012 साली झी मराठीवर ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ आली तेव्हा घना आणि राधा ही नावे घरोघरी झाली, आणि स्वप्नील जोशी-मुक्ता बर्वे यांच्या जोडीशिवाय ती मालिका कल्पनेत आणणेही कठीण आहे. पण तिची मूळ कल्पना काय होती? घरच्यांचा लग्नाचा तगादा चुकवण्यासाठी दोघांनी केलेला करार. लग्न करायचे, काही काळाने वेगळे व्हायचे आणि तोवर घरात कुणाला कळू द्यायचे नाही. हे घर काढून टाका. मग करार हा दोन सुशिक्षित माणसांमधला कागद उरतो, त्यात हसण्यासारखे काही नाही. तगादा लावणारे घर, फसवले जाणारेही तेच घर, आणि ज्याच्या मायेमुळे फसवणाऱ्यांना फसवणूक जड होत जाते तेही तेच. स्पृहा जोशीने रंगवलेली कुहू आपल्या कविता कुणाच्याही अंगावर घालत हिंडते. वरवर पाहता तिचा त्या कराराशी काडीचा संबंध नाही. पण प्रेमाचे शब्द मुक्तपणे उधळणारी ती त्या घरात आहे, म्हणून घना-राधाचे न बोललेले प्रेम ऐकू येते. लग्नाच्या आठवड्यात टीआरपी चढतो हे मान्य. पण मराठी मालिकेतले लग्न नीट पाहा. त्यात वधूवरांना बोलायला फुरसत असतेच कुठे? रुसलेली आत्या, हरवलेला हार, वेळेवर न आलेला भटजी यांच्यावरच आठवडा निघतो.

जोडीचे जमेल की नाही हा प्रश्न किती ताणायचा, ही या प्रकाराची जुनी डोकेदुखी. जमवले तर गोष्ट संपते, नाही जमवले तर प्रेक्षक कंटाळतो. अमेरिकेत 1982 साली सुरू झालेल्या ‘चिअर्स’ या मालिकेत बोस्टनमधल्या एका बारचा मालक सॅम आणि तिथे काम करणारी डायन यांचे प्रेमाचे भांडण हाच गाभा होता. 1987 मध्ये डायनचे काम करणारी शेली लाँग मालिका सोडून गेली. गाभाच गेला म्हटल्यावर मालिका बंद पडायला हवी होती, पण ती 1993 पर्यंत चालली, कारण बारच्या त्याच स्टुलांवर तीच गिऱ्हाइके बसत होती. पुढचे तर आणखी बोलके आहे. सॅम आणि डायन यांच्या मध्ये अडसर म्हणून आणलेला फ्रेझर हा मानसोपचारतज्ज्ञ नंतर स्वतःची मालिका घेऊन बसला आणि ती 11 वर्षे चालली. अडसर म्हणून आलेला माणूस जोडीपेक्षा जास्त जगला. ‘फ्रेंड्स’मध्ये रॉस आणि रेचेल यांचे घोंगडे 10 वर्षे भिजत ठेवता आले, ते मोनिका आणि चँडलर या दुसऱ्या जोडीने संसाराची बाजू सांभाळली म्हणून. ती जोडीही लेखकांनी आधी फार लांबवायची ठरवली नव्हती. प्रेक्षकांनी तिला जो प्रतिसाद दिला, त्यानेच तिला लांब आयुष्य मिळाले.

आपल्याकडे याचा दाखला ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ देते. ती मराठीतही ‘गोकुळधामची दुनियादारी’ या नावाने आली, आणि तिच्यातले आत्माराम भिडे-माधवी हे मराठी जोडपे मूळ हिंदीतच असल्यामुळे मराठी प्रेक्षकाला ती परकी कधी वाटलीच नाही. 28 जुलै 2008 रोजी सुरू झालेल्या या मालिकेत जेठालाल आणि दया ही मध्यवर्ती जोडी. 2017 मध्ये दयाचे काम करणाऱ्या दिशा वाकानी पडद्यावरून दिसेनाशा झाल्या आणि जेठालाल एकटा पडला. तरीही मालिका वर्षामागून वर्षे चालत राहिली. गोकुळधामचे आवार हेच तिचे खरे पात्र होते आणि आवारातल्या प्रत्येक दारामागे एकेक लहान जोडी होती: लोणची-पापडांचा हिशेब ठेवणारी माधवी आणि शिस्तीचा भिडे, खाण्याभोवती फिरणारे डॉक्टर हाथी आणि कोमल, खेरीज छत्री सांभाळत लग्नासाठी झुरणारा पत्रकार पोपटलाल. दया गेल्यावर मालिकेची गोडी उणावली, हे मी नाकारत नाही. ती रेंगाळली, पुनरुक्त झाली. पण पडली नाही. नेमकी हीच गोष्ट उलट दिशेने करून पाहा. जेठालाल आणि दया ठेवा आणि आवार रिकामे करा. चार भाग तरी निघतील का?

यामागे कलेइतकेच कारखान्याचेही कारण आहे. आठवड्याला एक भाग असे तोवर लेखकाला एका जोडीवर कथा रचता येत असे. दैनंदिन मालिका आली आणि आठवड्याला पाच-सहा भागांची भूक उभी राहिली. मुख्य नटांच्या तारखा, आजारपण, नाटकाचे दौरे, एखादा चित्रपट, यांतून जोडी सलग मिळतेच असे नाही. मग ट्रॅक शेजाऱ्यावर वळतो. शेजारी हे या धंद्यातले सर्वांत सोयीचे पात्र. त्याला दारातून आत यायला कारण लागत नाही, वाटीभर साखर पुरते. त्याच्यासाठी नवा सेट लागत नाही आणि त्याच्यासमोर जोडीला जपून वागावे लागते, म्हणून तो आला की दृश्यात आपोआप ताण येतो. दुय्यम पात्रे प्रबळ होतात ती लेखकाने त्यांच्यावर जीव लावला म्हणून, असे आपल्याला वाटते. बऱ्याचदा ती प्रबळ होतात वेळापत्रकामुळे, आणि मग लेखकाचा जीव जडतो.

इथे एक खरा दोष कबूल केला पाहिजे. भोवतीची माणसे लवकर ठशात अडकतात. एक लकब, एक ठरलेले वाक्य, एक छत्री, की झाले पात्र तयार. पोपटलालच्या लग्नावरचा विनोद पहिल्या वर्षी कारुण्याची किनार असलेला होता. पुढे तो नुसता हजेरी लावू लागला. हा दोष दुय्यम पात्रांच्या वाट्याला जास्त येतो, हेही खरे. पण त्यावरून दुय्यम पात्र म्हणजेच ठसा असे ठरत नाही. 1984 साली दूरदर्शनवर आलेल्या ‘ये जो है जिंदगी’मध्ये शफी इनामदार आणि स्वरूप संपत यांचे जोडपे आपल्या जागी स्थिर होते आणि सतीश शाह जवळजवळ दर भागात वेगळ्याच माणसाच्या वेषात त्यांच्या दारी येत. जोडी तीच, तिसरा मात्र रोज नवा. त्या एका युक्तीने संसाराला सगळे शहर भेटले. उलट ‘साराभाई वर्सेस साराभाई’मध्ये साहिल आणि मोनिशा यांच्या प्रेमात काही प्रश्नच नाही. मालिकेची खरी जोडी आहे सासू आणि सून, माया आणि मोनिशा. चांदीच्या चमच्याची ऐट आणि सेलमध्ये घासाघीस करून आणलेल्या वस्तूचा आनंद, यांचे ते लग्न आहे. नवरा मध्ये सापडलेला. ठशाची पात्रे तिथेही आहेत, पण दोन ठसे एकमेकांवर आपटतात तेव्हा ठिणगी पडते. दोष ठशात नाही, त्याला एकटे सोडण्यात आहे.

आता एकत्र कुटुंबच राहिले नाही, तेव्हा आजोबा, आत्या, शेजारी ही सगळी जुन्या वाड्याची मंडळी झाली, असे तरुण वाचक म्हणेल. त्याने 2015 मधली ‘दिल दोस्ती दुनियादारी’ आठवावी. मुंबईतल्या एका फ्लॅटमध्ये राहणारी सहा मुले-मुली, डोक्यावर वडीलधारे कुणी नाही. पण त्या फ्लॅटला त्यांनी नाव काय दिले? ‘माजघर’. रेश्मा लग्न करून मुंबईत येते, नवऱ्याचे मन दुसरीकडे आहे हे तिला कळते आणि तिला आसरा मिळतो तो या पाच जणांत. मोडलेल्या जोडीच्या जागी कुणी नवी जोडी लगेच बसवत नाही. मध्ये हे पाच जण उभे राहतात, स्वयंपाकावरून भांडतात, तिला हसवतात. इथे सहाही जण आळीपाळीने मुख्य आणि दुय्यम होतात: एकाच्या प्रेमात बाकीचे पाच शेजारी, सासू, मध्यस्थ आणि चहाटळ. वाडा गेला तरी वाड्यातल्या भूमिका गेल्या नाहीत, त्या समवयस्कांत वाटल्या गेल्या. आणि 2017 मध्ये तोच नटसंच घेऊन ‘दिल दोस्ती दोबारा’ आली, तेव्हा चेहरे तेच असूनही पहिल्या मालिकेचा गोडवा तिला आला नाही. माझ्या मते प्रेक्षकांना त्या सहा नटांपेक्षा माजघरातली नाती जास्त आवडली होती.

आता जी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, ती पूर्व विदर्भातूनच नीट दिसते. जोडीचे आयुष्य भोवतीची माणसे ठरवत असतील, तर त्या जागांवर कुणाला बसवले जाते हा प्रश्न साधा राहत नाही. मराठी वाहिन्यांवर प्रेम प्रमाण भाषेत केले जाते आणि बोली बोलते ती हसवणारी माणसे. भारत गणेशपुरे यांच्यासारख्या अमरावतीकडच्या नटाने वऱ्हाडी महाराष्ट्रभर पोचवली, पण विनोदी कार्यक्रमांतून, प्रेमकथेतून नव्हे. या नियमाला मोठा अपवाद ठरली 2016 ते 2021 या काळात झी मराठीवर चाललेली ‘माझ्या नवऱ्याची बायको’. ती शुद्ध विनोदी मालिका नव्हती, पण तिचा सुरुवातीचा सगळा रंग विनोदाचा होता. अनिता दाते यांनी साकारलेली राधिका नागपूरची, बोलणेही तिकडचेच, आणि तीच नायिका. मात्र मालिकेने तिच्या बोलीची किंमत लावली ती जोडीच्या तराजूत. नवऱ्याला ती बोली गावंढळ वाटते आणि तो शनाया या दुसऱ्या तरुणीकडे ओढला जातो. शनायाचे काम करणारी नटी मध्ये बदलली तरी मालिकेला धक्का बसला नाही, कारण तिसऱ्याची जागा पक्की होती, माणूस बदलता येत होता. पुढे राधिकेने मसाल्यांचा व्यवसाय उभा केला, तेव्हा तिच्यामागे उभी राहिली ती पुन्हा शेजारपाजारचीच माणसे. ही नागपुरी तरी ऐकू आली. वैनगंगेकाठची झाडीबोली, जी या भागात दंडारीत आणि नाटकात रात्रभर ऐकू येते, ती वाहिन्यांवर अजून दाराशी साखर मागायलाही फारशी आलेली नाही.

दुय्यम पात्र म्हणजे कमी दर्जाचे काम, हा समज निदान या भागातल्या वाचकाने मनात धरून पुढे वाचू नये. 2023 साली झाडीपट्टी रंगभूमीवरचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. गडचिरोली जिल्ह्यातल्या या नटाला चारही जिल्हे ओळखतात ते त्याच्या विनोदी भूमिकांसाठी.